पणती रंगवून पगार: सांगलीत दिव्यांग तरुणांसाठी कलाकामाचं युनिट सुरू करताना

गौरी-गणपती उरकले की मला दरवर्षी तीन-चार फोन हमखास येतात. कधी एखाद्या विशेष शाळेतल्या बाई असतात, कधी कुणाचे वडील. "बाई, आमच्याकडं आठ-दहा मुलं आहेत. अठरा पूर्ण झाली, शाळा सुटली, आता दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. त्यांना पणत्या रंगवायला शिकवाल का?" शिकवायला माझी ना नसते. पण मी आधी विचारते, रंगवलेल्या पणत्या घेणार कोण? पलीकडून उत्तर येतं, "ते बघू की नंतर." हे 'नंतर' थेट भाऊबीजेलाच उजाडतं, आणि तोवर खोलीच्या कोपऱ्यात सातशे पणत्या उरलेल्या असतात.

मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन हे काम सुरू केलं. आज सातजण येतात. बोलताना मीही त्यांना 'मुलं' म्हणून जाते, सवय जाता जात नाही. पण त्यातला एक एकोणतीस वर्षांचा आहे, आणि हजेरीच्या वहीत प्रत्येकाच्या पूर्ण नावापुढं 'कारागीर' असं लिहिलेलं आहे. खाली जे सांगते ते नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी, आम्ही ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं. प्रत्यक्षात आम्ही बरंचसं उलटं केलं.

१. रंगाची बाटली घेण्याआधी गिऱ्हाईक

पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. एक वही घ्या आणि फिरा. आपल्या भागात हातानं केलेल्या काही वस्तू दरवर्षी ठरलेल्या वेळी घाऊक लागतात. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं वाण घ्या. एकेक बाई पन्नास-साठ नग एकसारखे घेते, तीस-चाळीस रुपयांच्या आतला, आणि मागच्या वर्षीपेक्षा वेगळा. रुखवतात नग कमी पण पैसा बरा, फक्त तारीख चुकली तर तोंड दाखवायला जागा नाही. पतसंस्था, बँका, साखर कारखाने यांना नव्या वर्षाला भेटवस्तू लागतात, वार्षिक सभेला पिशव्या लागतात. मिरजेत दवाखान्यांची तर रांगच आहे. डॉक्टर लोक दिवाळीला एकमेकांना काही ना काही पाठवतातच.

प्रत्येकाला पाच गोष्टी विचारा: गेल्या वर्षी काय घेतलं, किती नग, काय भावानं, कुठून, आणि कुठल्या तारखेपर्यंत हातात हवं होतं. अशा वीस जणांची उत्तरं वहीत आली की काय बनवायचं हे आपोआप कळतं. मी स्वतः हे न विचारता आधी काचेच्या बाटल्या रंगवून घेतल्या होत्या. दिसायला सुरेख. सगळ्यांनी कौतुक केलं, विकत घेतल्या चौघांनी, आणि त्यातल्या दोघी माझ्या बहिणी.

नमुना दाखवायला जाताना माझी एक पद्धत आहे. पिशवी टेबलावर ठेवते आणि गप्प बसते. समोरच्यानं शिवण ओढून बघितली, आतून उलटी करून बघितली, भाव विचारला, की मग सांगते हे कोण करतं ते. आधी सांगितलं तर तो पिशवीकडं बघतच नाही. पाकीट काढतो, दहा घेतो, आणि परत कधी फोन करत नाही. पहिली ऑर्डर कणवेपोटी मिळू शकते. दुसरी ऑर्डर फक्त मालावर मिळते, आणि पगार दुसऱ्या ऑर्डरीतून होतो.

२. कुणाला काय जमतं

दिव्यांग आहे म्हणून चित्रकार असेलच असं नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. आमच्याकडं डाऊन सिंड्रोम असलेला एकजण आहे. त्याला ब्रश दिला की पाच मिनिटांत कंटाळतो. पण पिशवीला लेबल बांधायची सुतळी तो अशी एकसारखी कापतो की फूटपट्टी लावून बघावं. लेबल, घडी, मोजदाद, खोकं बंद करणं हे सगळं काम आता त्याच्याकडं आहे. शंभर पिशव्यांच्या खोक्यात नव्व्याण्णव कधी निघत नाहीत. त्याचा तासाचा दर रंगवणाऱ्यांइतकाच आहे.

पहिले दोन आठवडे चाचणीचे ठेवा, तेही पैसे देऊन. या काळात काही सोपी कामं देऊन बघा: रेघेच्या आत रंग भरणं, ठिपके देणं, कागद चिकटवणं, दहाचे गठ्ठे करणं. एक चाचणी मी नेमानं घेते. बाटल्यांची बारा रंगीत झाकणं टेबलावर टाकायची आणि सारख्या रंगांच्या जोड्या लावायला सांगायचं. एखाद्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. अशाला रंग निवडायचं काम न देता बाह्यरेषा, ठिपके, साचा धरणं द्यावं. आपल्याच जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० साली वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही अंशी रंगांधळेपण आहे असं लक्षात आल्यावर त्यांना रंगकाम सोडावं लागलं आणि ते यांत्रिक रेखाचित्रांकडं वळले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहेच. मला त्यात एवढंच दिसतं, की दोष लवकर कळला तर काम बदलता येतं.

कर्णबधिर व्यक्ती असेल तर एक चूक टाळा. मराठीत चिठ्ठी लिहून दिली म्हणजे झालं, असं धरू नका. खाणाखुणांची भाषा ही अनेकदा तिची पहिली भाषा असते, त्या भाषेची वाक्यरचना वेगळी असते, आणि आपली चिठ्ठी तिला परक्या भाषेसारखी वाटू शकते. आम्ही पाच पायऱ्यांचा फलक केला. कोरी पिशवी, साचा चिकटवलेली, पहिला रंग दिलेली, बारकावे काढलेली, इस्त्री केलेली, अशा पाच खऱ्या पिशव्या ओळीनं भिंतीवर लावल्या. केला होता कर्णबधिर कारागिरासाठी, पण तो सगळ्यांनाच लागू पडला, माझ्यासकट.

३. कागद आणि पैसे, सुरू करण्याआधी

प्रत्येकाकडं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे का ते बघा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. कार्डाचा रंग पिवळा असेल तर ४० ते ८० टक्क्यांच्या आतलं दिव्यांगत्व, निळा असेल तर ८० किंवा अधिक, पांढरा म्हणजे ४० च्या खाली. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, तेव्हा 'आमच्या मुलाचं यात बसत नाही' असं पालकांनी परस्पर ठरवू नये. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि ती किरकोळ समजू नका. तासगावहून रोज येणाऱ्याच्या पगारातला मोठा वाटा नाहीतर तिकिटातच जातो.

बँक खातं कारागिराच्या स्वतःच्या नावानं हवं. आपले पैसे आपण सांभाळायचा हक्क याच कायद्याच्या १३ व्या कलमात दिला आहे. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असेल आणि बँक कायदेशीर पालकाचा कागद मागत असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडं अर्ज करायचा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक उरत नाहीत. हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं.

आणि पेन्शन. कवठेमहांकाळकडचे एक वडील मुलाला घेऊन आले, नमुने बघितले, चहा घेतला, आणि उठता उठता म्हणाले, "बाई, पगार किती का असंना, पर त्येचं संजय गांधीचं पैसं बंद व्हायचं न्हाईत न्हवं?" प्रश्न रास्त आहे. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट असते. प्रत्येक घराचा हिशोब वेगळा, म्हणून तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत त्या कुटुंबाचे कागद दाखवून आधी विचारून घ्या. 'काही होत नाही हो' असं तोंडी आश्वासन तुम्ही देऊ नका. बंद पडलं तर ते घर तुमच्याकडं बोट दाखवणार आणि त्यांचं चुकणार नाही.

संस्था काढायची घाई नको. न्यास नोंदणी, घटना, विश्वस्त यात वर्ष जातं. सुरुवातीला एकाच्या नावावर व्यवसाय दाखवून उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, पैसे मागणारा भेटला तर उठून या. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि राज्यातच असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. आपण त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. खेड्यात असाल तर बचत गटाचा रस्ता चांगला. 'उमेद' या राज्य सरकारच्या ग्रामीण बचत गटांच्या अभियानात एरवी गटाला दहा सदस्य लागतात, दिव्यांगांच्या गटाला किमान पाच चालतात. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. त्यासाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या. मात्र त्यातून टेबलं, शिलाई यंत्र, रॅम्प असलं काही मागा. पगार कुठल्याही अनुदानावर टांगू नका.

४. वस्तू मोजक्याच, पण पक्क्या

पहिल्या वर्षी दोन वस्तूंच्या वर जाऊ नका. आमच्या दोन म्हणजे पणती आणि कापडी पिशवी.

पणती सोपी दिसते. आमच्या पहिल्याच दिवाळीत एका सोसायटीला तीनशे पणत्या दिल्या आणि धनत्रयोदशीच्या रात्री फोन आला, की रंगाचे पापुद्रे सुटतायत, काहींच्या काठाला धूर येतोय. दोन्ही चुका आमच्याच. कुंभाराकडून आलेल्या पणत्यांवर मातीची बारीक भुकटी असते. ती न धुता रंग दिला की रंग भुकटीला चिकटतो, पणतीला नाही. आता क्रम ठरलेला आहे: ब्रशनं घासून धुवायच्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवायच्या, प्रायमरचा एक हात, मग अ‍ॅक्रिलिक. आणि रंग फक्त बाहेरून. आतली बाजू आणि वात जिथं टेकते ती चोच कोरी ठेवायची, कारण अ‍ॅक्रिलिक ज्योतीजवळ जळतं. चोचीवर रंग लागू नये म्हणून आम्ही तिथं कागदी चिकटपट्टी लावतो आणि शेवटी काढतो. पट्टी लावायचं काम एका मुलीकडं आहे, ती दुसरं काही करायला तयारच नसते, आणि तिचं बरोबर आहे.

पिशवीला फॅब्रिक कलर लावला की चोवीस तास सुकू द्या, मग उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवा, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस पाणी लावू नका. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ धरा. नव्या डिझाइनची एक पिशवी मी स्वतः घरी तीन वेळा धुते, मगच ते डिझाइन मंजूर.

डिझाइनबद्दल माझं मत ऐकून घ्या. जो तो वारली काढतो. ती पालघरकडच्या आदिवासी समाजाची कला आहे, तिला भौगोलिक मानांकन (त्या भागाची खास वस्तू म्हणून कायदेशीर नोंद) आहे, आणि बाजारात तिच्या नकलांचा आधीच ढीग पडलाय. सांगलीत बसून सांगलीचं का काढू नये? आमची सगळ्यात जास्त खपणारी पिशवी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांची आहे. नुसत्या आडव्या पट्ट्या, वर आयर्विन पुलाच्या कमानी. पट्ट्या चिकटपट्टी लावून कुणालाही भरता येतात. दुसरी मिरजेच्या तंबोऱ्याची. सतारमेकर गल्लीत जाऊन आम्ही भोपळ्यावरची नक्षी बघून आलो, ठिपके आणि पानं मोजून आलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा त्या पिशवीला एकदम मागणी आली. हळदीचं पान, तासगावची द्राक्षं, खिलार बैलाची शिंगं, किती तरी आहे. जे आकार मोठे आणि कडा सरळ, ते निवडा.

५. टेबलावरच्या युक्त्या

महागडी साधनं लागत नाहीत. ब्रशचा दांडा बारीक असतो, घट्ट मूठ वळत नाही त्याला धरता येत नाही. सायकलच्या हँडलची रबरी मूठ कापून दांड्यावर चढवा. रंगाच्या वाट्या कलंडतात, म्हणून जाड थर्माकोलमध्ये भोकं पाडून त्यात बसवा. जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे उत्तम होतात, धुतले की वर्षभर टिकतात. कमी दिसणाऱ्यासाठी बाह्यरेषेवर फेविकॉलची रेघ मारून सुकवा, बोटाला उंचवटा लागतो आणि रंग आत राहतो. ज्याला फिट येतात त्याच्या आईचा नंबर आणि औषधाचं नाव भिंतीवर. कटर फक्त माझ्याकडं.

जागा तळमजल्यावर हवी, चाकाची खुर्ची आत वळली पाहिजे, आणि संडासाचं दार रुंद हवं. जागा बघताना मी भाडं विचारायच्या आधी संडास बघते, घरमालक चक्रावतात.

आता खरी अडचण सांगते, हिच्यामुळं माझं पालकांशी दोनदा भांडण झालंय. काम घरी न्यायला द्यायचं नाही. एकदा एका मुलीच्या चाळीस पणत्या घरून परत आल्या त्या विलक्षण सफाईदार. ठिपके एका ओळीत, पाकळ्या अगदी टोकदार. मी काही बोलले नाही, तिच्यासमोर नवी पणती ठेवली. तिनं तिच्या पद्धतीनं रंगवली, जाड ठिपके, थोडे वाकडे, पण दाबून भरलेले. आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "रात्री बसून जरा नीट केल्या, बाई. तिला नावं ठेवायला नकोत कुणी." त्या माउलीला काय बोलणार? पण पुढची ऑर्डर त्या सफाईवर आली असती तर ती पूर्ण कोणी करायची? तिच्या जाड ठिपक्यांनाच साजेल असं डिझाइन आम्ही मग केलं. हेच शिक्षकांनाही लागू आहे, मलाही. हात शिवशिवतात. शेवटचा फटकारा मारून द्यायचा मोह होतो. मी आता माल तपासताना ब्रश हातात घेतच नाही.

६. भाव काढणं

इथं नवखे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सावकाश वाचा. आमच्या एका पिशवीचा हिशोब देते. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच.

कोरी शिवलेली पिशवी ५५ रुपये. रंग आणि ब्रशची झीज ८. लेबल, सुतळी, पॅकिंग ३. मजुरी: साचा लावण्यापासून इस्त्रीपर्यंत चौघांचा मिळून वेळ ५० मिनिटं, तासाला ६० रुपयांनी ५०. भाडं, वीज, देखरेख यांचा वाटा २०. पंधरात एखादी बिघडते, तिचे ५. एकूण १४१.

पहिल्या वर्षी मी ही पिशवी १९९ ला ठेवली होती आणि खूश होते. एका दुकानदारानं ३० टक्के कमिशनवर ठेवून घेतली. १९९ मधून ३० टक्के गेले की हातात १३९ येतात. म्हणजे पिशवी जितकी खपेल तितका तोटा, प्रत्येकीमागं दोन रुपये. तीन महिने आम्ही जोरात विकत होतो आणि गल्ला रिकामाच कसा ते मला कळेना. आता दुकानात तीच पिशवी २३० ला आहे, आणि थेट घाऊक ऑर्डरला १६५ च्या खाली उतरत नाही.

वेळ अंदाजानं धरू नका. एक आठवडा घड्याळ लावून प्रत्येक पायरीचा वेळ लिहा. सकाळचा वेगळा, जेवणानंतरचा वेगळा.

आता हाच हिशोब उलटा करा, म्हणजे किती जणांना घ्यायचं ते कळेल. आठ जण, रोज चार तास, महिन्याला चोवीस दिवस, तासाला ६०: पगार ४६,०८० रुपये. एका पिशवीत मजुरी ५० ची, म्हणजे दर महिन्याला साधारण ९२० पिशव्या विकल्या पाहिजेत. आहेत का एवढी गिऱ्हाइकं? तिघांनी रोज दोन तास, महिन्याला वीस दिवस काम केलं तर पगार ७,२०० आणि पिशव्या १४४. हे जमण्यातलं आहे. तिघांपासून सुरू करा. बाकीच्या पालकांना 'यादीत नाव आहे' असं सांगणं अवघड जातं, पण आठ जणांना बोलावून तिसऱ्या महिन्यात पगार थांबवणं त्याहून वाईट.

नगावर मजुरी द्यायची की तासावर? नगावर दिली तर थरथरत्या हाताचा, पण नेटानं बसणारा माणूस दिवसाअखेर वीस रुपये घेऊन जातो. नुसती तासावर दिली तर काम रेंगाळतं. आम्ही तासाचा दर सगळ्यांना सारखा ठेवला आहे आणि महिन्याचे ठरलेले नग पूर्ण झाले की वर थोडी रक्कम सगळ्या टेबलाला समान वाटतो. त्यामुळं भरभर हात चालणारी मुलगी शेजाऱ्याचा साचा धरून देते, चिडचिड न करता. बरं, थोडी चिडचिड करते.

भावावरून घासाघीस होणारच. "मुलांनीच केलंय ना, मग थोडं कमी करा की." माझं ठरलेलं उत्तर आहे: "त्यांनाच पगार द्यायचाय, म्हणून कमी होत नाही."

७. पगाराचा दिवस

तारीख ठरवा आणि मोडू नका. आमची सात. पैसे खात्यात जातात, पण प्रत्येकाला पावती हातात मिळते, त्यावर तास, दर आणि रक्कम. ज्याला आकडे कळत नाहीत त्याच्या पावतीवर नोटांची चित्रं छापली आहेत, पाचशेच्या किती, शंभरच्या किती. पहिल्या पगारातून एकानं वडिलांना इस्त्रीचा शर्ट घेतला आणि उरलेल्याचे वडापाव खाल्ले. वडिलांना वडापाव पटले नाहीत. मी म्हटलं, पैसे कुणाचे?

उधारीवरून एक धडा. एका मोठ्या कंपनीनं चारशे पिशव्या घेतल्या आणि पैसे दिले पाच महिन्यांनी. मधले पगार माझ्या पेन्शनीतून गेले. तेव्हापासून ऑर्डरीबरोबर निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना. याशिवाय दोन महिन्यांचा पगार बसेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत नवा माणूस घ्यायचा नाही.

८. वर्षाचं वेळापत्रक आणि कृष्णा

दिवाळीचा माल गणपतीनंतर सुरू केला तर उशीर झाला. ऑर्डर जूनमध्ये मागायची, काम जुलै ते सप्टेंबर. वाणाची बोलणी दिवाळी संपताच. रुखवत तुळशीच्या लग्नानंतर. मार्च-एप्रिल रिकामे जातात, तेव्हा नवे नमुने आणि डोळ्यांची तपासणी.

आणि सांगलीत जुलै-ऑगस्ट म्हणजे काय हे नव्यानं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर याच दिवसांत आले. आपला दिवाळीचा माल नेमका तेव्हाच खोलीत रचलेला असतो. काम तळमजल्यावर, कारण चाकाची खुर्ची. साठा मात्र वर, कुणाच्या तरी पहिल्या मजल्यावर, दर शनिवारी हलवायचा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा असतो, ४५ ला धोका. आम्ही ३५ ला माल आणि माणसं दोन्ही हलवतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. चालता न येणाऱ्यांना आधी हलवायचं, रात्र व्हायची वाट बघायची नाही. कुणाला कोण घेऊन जाणार याची यादी जूनमध्येच लिहून भिंतीवर लावा.

९. चित्राखाली नाव

रोजच्या मालावर युनिटचं नाव पुरे. पण एखाद्याचं स्वतःचं चित्र कॅलेंडरवर किंवा पत्रिकेवर छापलं जाणार असेल तर कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मेख अशी आहे, की नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडं जातो. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा तो ऑर्डर देणाऱ्याकडं जातो. म्हणून एका पानाचा करार: चित्र चित्रकाराचं, वापर फक्त याच वर्षीच्या कॅलेंडरसाठी, इतक्या प्रती, पुन्हा छापायचं तर पुन्हा पैसे. आमच्याकडं छापील वस्तूच्या विक्रीतले १० टक्के चित्रकाराला जातात. चित्र विकलं तरी त्याखाली आपलं नाव लागण्याचा हक्क ५७ व्या कलमानं त्याच्याकडंच राहतो. नाव लावायला विसरलेल्या एका ग्राहकाला आम्ही दोनशे कॅलेंडरांवर नावाची पट्टी चिकटवायला लावली. पट्ट्या अर्थातच आम्हीच चिकटवल्या, पैसे घेऊन.

फोटोचंही तसंच. भेट द्यायला आलेले लोक सेल्फी काढतात. दारावर पाटी आहे: ज्याचा फोटो काढायचा त्यालाच विचारा, आम्हाला नको. आमच्यातली एकजण दरवेळी नाही म्हणते, आणि तेवढ्यावर विषय संपतो.

१०. सोडून जाणारे

दोन वर्षांपूर्वी आमचा सगळ्यात चांगला हात, कर्णबधिर मुलगा, एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर डिझाइन करायला गेला. पगार आमच्या तिप्पट. ऐन दिवाळीत गेला, मी दोन दिवस फणफणले. तुमच्याकडूनही कुणी जाईल, तेव्हा त्याला अनुभवाचं पत्र तयार ठेवा. त्यात 'गुणी, आज्ञाधारक मुलगा' असलं काही नको. किती महिने काम केलं, कुठल्या वस्तू, रोज किती नग, हजेरी किती, सूचना कशा द्याव्या लागतात (दाखवून, चित्रानं, खुणांनी), आणि संपर्कासाठी तुमचा नंबर. नव्या मालकाला सूचनांची ओळ सगळ्यात उपयोगी पडते. आमच्या त्या मुलाच्या मालकानं पहिल्याच आठवड्यात मला फोन करून विचारलं, "बाई, ते पाच पायऱ्यांचा फलक म्हणजे नक्की कसा करायचा?"